ताड लावायचा तर आधी जमिनीखालचा विचार

एखादं पोर भराभर उंच झालं की ‘ताडमाड वाढलंय’ असं आपण सहज म्हणतो. ते ऐकून ताड लावायला निघालेला माणूस पहिल्याच वर्षी वैतागतो, कारण ताड सुरुवातीची चार-सहा वर्षं वर वाढतच नाही. तो खाली जातो. बी रुजतं ते खाली, खोड जाड होतं तेही मातीच्या आत, आणि वर दिसतात फक्त दोन-चार पानं. नवख्यांच्या बहुतेक चुका इथूनच निघतात: उथळ कुंडीत बी लावणं, रुजलं का म्हणून उकरून पाहणं, वर्षाभराने रोप दुसरीकडे हलवणं, वाढ दिसत नाही म्हणून पाण्याचा मारा करणं.

आधी झाड नीट ओळखा

इथे सांगतोय तो आपला ताडगोळ्यांचा ताड, शास्त्रीय नाव बोरॅसस फ्लॅबेलिफर. पान पंख्यासारखं, देठ जाड आणि त्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे काळे दात. पूर्ण वाढलेलं झाड २० ते ३० मीटर जातं. शिंदीचं आणि नारळाचं पान पिसासारखं असतं, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. घोळ होतो रोपवाटिकेत. ‘फॅन पाम’ म्हणून जे विकायला असतं ते बहुधा चायनीज फॅन पाम, वॉशिंग्टोनिया किंवा मादागास्करचा रुपेरी बिस्मार्किया असतो. शोभेला उत्तम, पण त्यांना ताडगोळे लागणार नाहीत. दीवमध्ये दिसणारा फांद्या फुटलेला होका, म्हणजे रावणताड, हाही वेगळा. आपला ताड सरळसोट एका खोडाचा.

पालघर-डहाणू-वसईच्या पट्ट्यात, रायगडच्या किनाऱ्यावर आणि तेलंगणाला लागून असलेल्या आपल्या जिल्ह्यांत तो पिढ्यान् पिढ्या आहे. तमिळनाडूचा तर तो राज्यवृक्षच. वर्षाला ५०० ते ९०० मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो. खारी हवा, खाडीकाठची थोडी खारट जमीन, मुरूम, वाळू, जांभा, काळी माती, सगळं चालतं. मात्र दुष्काळ सोसायची ताकद मुळं खोल आणि लांब पसरल्यावर येते. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोप कोवळंच असतं. ‘ताडाला पाणी लागत नाही’ हे मोठ्या झाडाबद्दल खरं आहे, रोपाबद्दल नाही.

जागा: एकदाच ठरवा

ताड हलवता येत नाही असं धरूनच जागा निवडा. खोड वर यायच्या आधीच्या वयात त्याची मुळं तुटली की तो सहसा सावरत नाही.

दिवसभर ऊन हवं. आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीत रोप मरत नाही, पण दहा वर्षांनी पाहिलं तरी तेवढंच दिसतं. घरापासून, गोठ्यापासून आणि वाटेपासून निदान ६ मीटर लांब लावा. पिकलेलं फळ दीड-दोन किलोचं असतं आणि ते ५० फुटांवरून पडतं. वाळलेलं पान देठासकट खाली येतं तेव्हा त्याचे दात पत्रा ओरखडून काढतात. विजेच्या तारेखाली तर अजिबात नको. माळावरचा उंच ताड आकाशातली वीज ओढून घेतो. ओडिशात माणसं वाचावीत म्हणून मुद्दाम ताड लावण्याचं सरकारी काम सुरू आहे ते याच गुणामुळे. झाडावर पडलेली वीज तुमच्या अंगावर येऊ नये, म्हणून पावसात त्याच्या बुंध्याशी उभं राहायचं नाही आणि गुरंही तिथे बांधायची नाहीत.

शेताच्या बांधावर ओळीत लावायचे असतील तर दोन झाडांत ३ ते ५ मीटर ठेवा. सलग लागवडीत ३ बाय ३ मीटरवर हेक्टरी १,१११ झाडं बसतात, पण मधे भाजीपाला किंवा कडधान्य घ्यायचं असेल तर ५ मीटरच बरं. पाणी साचणारी खाचर टाळा. मोठा ताड आठ-पंधरा दिवस पाण्यात उभा राहतो, रुजणारं बी मात्र कुजतं. कोकणातल्या पावसात वाफा एक फूट उंच करून घ्या.

किती लावायचे? एक नको, दोनही नकोत

ताडात नर झाड वेगळं, मादी वेगळी. फळं फक्त मादीला. बी पाहून, रोप पाहून किंवा पानावरून ते ओळखता येत नाही. पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे साधारण १२ ते २० वर्षं, थांबावं लागतं. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर दोन झाडं लावून त्यांत एक नर आणि एक मादी निघण्याची शक्यता फक्त ५० टक्के. चार लावलीत तर दोन्ही असण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के आणि सहा लावलीत तर ९७ टक्के होते. म्हणून किमान सहा. आसपास दुसऱ्याच्या शेतात नर झाडं असतील तर दोन-तीनवरही भागेल. कुणी ‘मादी रोप’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर सरळ पुढे चला.

बी कुठून आणायचं

बाजारातून आणलेले ताडगोळे खाऊन उरलेलं काही पेरलंत तर रुजणार नाही. ताडगोळा म्हणजे कच्च्या फळातलं कोवळं, पाणीदार बी. रुजण्यासाठी फळ झाडावर पूर्ण पिकून आपसूक खाली पडलेलं हवं. ते दिवस जुलैअखेर ते सप्टेंबर. फळ काळपट-जांभळं, आत केशरी धाग्यांचा गर, आणि वास इतका गोड की झाड दिसायच्या आधीच कळतं.

झाड निवडताना जरा चोखंदळ व्हा. २५-३० वर्षांहून मोठं, दरवर्षी भरपूर घड धरणारं, मोठ्या फळांचं, आणि शक्यतो प्रत्येक फळात तीन बिया देणारं. ते कुणाचं आहे ते विचारून घ्या. बांधावरच्या ताडालाही मालक असतो.

फळं आणल्यावर ती प्लॅस्टिकच्या गोणीत बांधून ठेवू नका. गर आंबतो, गोणी आतून तापते आणि बीमधला अंकुर मरतो. वरून बी छान दिसतं, रुजत मात्र नाही, आणि दोष मातीला जातो. सावलीत एका थरात पसरून आठ-दहा दिवस ठेवा. गर मऊ पडला की बादलीत दोन दिवस भिजवून चोळून काढा. धागे पूर्ण निघत नाहीत, थोडे राहिले तरी चालतं. एका फळातून बहुधा तीन बिया निघतात. कानाशी धरून हलवा. आत पाणी खुळखुळलं तर ते बी पुरतं तयार झालेलं नाही. भोक पडलेलं, फार हलकं किंवा बुरशीने काळं पडलेलं बीही बाजूला काढा. उरलेलं लगेच पेरा. चार-सहा आठवड्यांहून जास्त ठेवलंत तर उगवण घसरत जाते. पुढच्या वर्षासाठी डब्यात जपून ठेवण्याचं हे बी नाही.

खड्डा आणि पेरणी

खड्डा मे महिन्यात घ्या, म्हणजे उन्हाने तापतो. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोल. रुंदीत कंजुषी चालेल, खोलीत नाही. खाली कठीण मुरूम किंवा कातळाचा थर लागला तर पहारीने तो फोडून आणखी फूटभर मोकळा करा. काढलेल्या मातीत एक-दीड घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. चिकट काळी माती असेल तर एक तृतीयांश वाळू किंवा बारीक मुरूम घाला. ओलं, ताजं शेण घालू नका. वाळवी आणि हुमणी त्यावरच येतात.

पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जोराचा पाऊस ओसरताना. प्रत्येक खड्ड्यात २ ते ३ बिया, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, ८ ते १० सेंटिमीटर खोल, आडव्या. कोंब आपोआप खालची वाट शोधतो. वरची माती जरा उंच ठेवा आणि प्रत्येक जागेशी रंग दिलेली काठी रोवा. ही काठी पुढे फार कामाला येते, कारण ताडाचं पहिलं पान पंख्यासारखं नसतंच. ते लांबट, चुणीदार, गवताच्या पात्यासारखं एकच पान असतं, आणि खुरपणी करणारा त्याला गवत समजून कापतो. पंख्याचा आकार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो.

आता खाली काय चाललंय

हे समजलं की बाकीचं सोपं जातं. तीन ते सहा आठवड्यांत बीच्या टोकाच्या भोकातून अंगठ्याएवढा जाड, पांढरा, गुळगुळीत दांडा बाहेर पडतो. पाहणाऱ्याला ते मूळ वाटतं. ते मूळ नाही. ती एक नळी आहे, आणि झाडाचा खरा कोंब तिच्या टोकात बसून खाली चाललेला असतो. माती भुसभुशीत असेल तर हा प्रवास दोन-तीन फूट होतो. तळाशी पोचल्यावर टोकातून खरी मुळं सुटतात, नळीच्या आत पिष्टाचा साठा होऊन कंद भरतो, आणि मग कोंब त्याच नळीतून उलटा वर यायला लागतो. तमिळनाडूत हाच कंद पोंगलच्या सुमारास उकडून खातात. तिथे काही शेतकरी ताड झाडासाठी नाही, नुसत्या कंदासाठी पेरतात.

तेवढ्या काळात बी मात्र वरच, मातीजवळ, नळीला चिकटून असतं. ते फोडलंत तर आतला कठीण पांढरा गर संपत आलेला आणि त्याच्या जागी पिवळट, स्पंजासारखा गोडसर गोळा भरलेला दिसतो. तो गोळा गर विरघळवून नळीकडे पाठवतो. मुलं तो आवडीने खातात, पण तुमच्या लावलेल्या बीचा तोच शिधा आहे. म्हणून बी वर उघडं पडलं तर मातीने झाका, ओढून तोडू नका.

पहिलं हिरवं पान कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतं, कधी पुढचा पावसाळा लागल्यावर. तोवर जमिनीवर काहीच नसतं. इथेच माणसाचा धीर सुटतो आणि तो टिकावाने उकरून बघतो. टिकाव लागला की नळी तुटते, तुटली की कोंब गेला. पाहायचंच असेल तर कडेला दोन बिया फक्त पाहण्यासाठी जादा पेरा आणि जानेवारीत त्या उकरा. खाऊही शकाल.

एकाच खड्ड्यात दोन रोपं आली तर कमजोर रोप उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं एकमेकांत अडकलेली असतात.

पिशवीत रोप करायचं असेल तर

थेट जागेवर पेरणी हाच खरा मार्ग. रानडुकरांमुळे किंवा जागा तयार नसल्यामुळे पिशवी घ्यावीच लागली तर उथळ पिशवी नको. वाळूच्या वाफ्यावर बिया एका थरात पसरून ओल्या पोत्याने झाका, तिसऱ्या आठवड्यापासून रोज पाहा. पांढरा दांडा ५ ते ८ सेंटिमीटरचा झाला की बी अलगद उचलून किमान दीड फूट खोल पिशवीत किंवा अडीच-तीन फुटांच्या ४ इंची पाइपच्या तुकड्यात ठेवा. टोक दुखावलं तर ते बी टाकून द्यायचं. पाइप उभा चिरून तारेने बांधलेला असावा, म्हणजे लावताना तार सोडून मातीचा गोळा न फुटता निघतो. दोन हिरवी पानं आली की पहिल्याच पावसात शेतात न्या. पिशवीत दोन वर्षं ठेवलेलं रोप तळाशी वळसे घेतं आणि शेतात गेल्यावर जागच्या जागी बसतं. हाताळणीत काही रोपं मरणारच, म्हणून गरजेच्या दीडपट बिया धरा.

पहिली पाच वर्षं

पाऊस थांबल्यावर पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला ५ लिटर पाणी, उन्हाळ्यात १० लिटर. दुसऱ्या उन्हाळ्यातही तेवढंच. तिसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा. चौथ्यापासून बंद केलं तरी झाड जगतं. द्याल तर थोडं भरभर वाढतं, इतकंच. रोज थोडं-थोडं शिंपडण्यात काही अर्थ नाही, कारण मुळं दोन फुटांखाली आहेत आणि तुमचं पाणी वरचे चार इंच ओले करतंय. आळं खोल करा, एकदम भरा, वर पालापाचोळा टाका.

दुसऱ्या पावसाळ्यापासून दरवर्षी जूनमध्ये ५ किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरे. पाचव्या वर्षापासून शेणखत १० किलो करा. खत कोंबात किंवा पानांच्या बेचक्यात पडू देऊ नका.

रानडुक्कर आणि साळिंदर कंदासाठी जमीन उकरतात, शेळ्या कोवळं पान खातात. डुकरांच्या भागात खड्ड्यावर काटेरी फांद्या टाकून भागत नाही. पहिलं वर्षभर तरी जाळी जमिनीत फूटभर गाडून लावावी लागते. वणव्यात वरची पानं जळाली तर लगेच रोप गेलं असं समजू नका. वाढणारा कोंब जमिनीखाली असतो, पावसात बऱ्याचदा नवं पान येतं. वर्षभर थांबून मगच तो खड्डा सोडा.

खोड जमिनीबाहेर दिसायला लागलं, की मग मात्र ताड आपलं नाव राखतो आणि वर्षाला फूटभर उंची घेतो.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त त्रास गेंड्या भुंग्याचा. तो कोंबात शिरून न उघडलेलं पान कुरतडतो. पान उघडल्यावर पंख्यावर एका रेषेत कातरल्यासारखी भोकं दिसतात. भुंगा आत असेल तर बारीक तारेच्या आकड्याने ओढून काढा. वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंडीची पूड आणि वाळू सारख्या प्रमाणात भरा. पण त्याचं खरं घर तुमचा उकिरडा आहे, अळ्या तिथे वाढतात. शेणखताचा ढीग ताडाजवळ ठेवू नका, दोन महिन्यांनी उलथापालथ करा आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचून काढा. ढिगात मेटारायझियम ही बुरशी मिसळली तर अळ्या रोगाने मरतात.

सोंड्या भुंगा जखमेवर अंडी घालतो. खोडातून तपकिरी चिकट पाणी झिरपतं, चघळलेला भुसा बाहेर येतो, कान लावला तर आतून कुरतडण्याचा आवाज येतो. त्या टप्प्यावर झाड वाचणं अवघड. उपाय आधीच करायचा, तो म्हणजे झाडाला जखम न करणं. ताडाच्या खोडाला आंब्यासारखी जखम भरून काढता येत नाही. ठोकलेला खिळा, मारलेली कुऱ्हाड, बांधलेली तार, यांची खूण जन्मभर राहते. हिरवी पानं ‘झाड स्वच्छ दिसावं’ म्हणून छाटायची फॅशन आली आहे, तीही अशीच घातक. लोंबलेलं, पूर्ण वाळलेलं पानच काढा. काढताना जाड हातमोजे घाला, देठाचे दात तळहात फाडतात. सुगरण आणि ताडपाकोळीची घरटी याच पानांना असतात, त्यामुळे विणीच्या दिवसांत थोडं थांबलात तर बिघडत नाही.

भर पावसात मधलं पान पिवळं पडून हाताने ओढल्यावर सहज निघालं आणि बुडाला घाण वास आला, तर ती कोंबकूज. कुजलेला भाग चांगला पांढरा भाग लागेपर्यंत धारदार सुरीने कापा, बोर्डो पेस्ट लावा आणि पाऊस आत जाणार नाही असं झाकण बांधा. पेस्ट घरी होते. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी बादली नको. निवल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळा. मग घासून लखलखीत केलेलं कोयत्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. ही पेस्ट त्याच दिवशी वापरायची.

फुलोरा आणि फळ

बारा ते वीस वर्षांनी पानांच्या बेचक्यातून फुलोरा येतो. बोटांसारखे जाड, लांब, तपकिरी दांडे दिसले तर नर. दांड्यावर गोल गाठी बसलेल्या दिसल्या तर मादी. नर निघाला म्हणून तोडू नका. माद्यांना त्याची गरज आहे, शिवाय नीरा नराच्या फुलोऱ्यातूनही निघते. नीरा किंवा ताडी काढायची तर मात्र राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरीही. नीरा नीराच राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. नाहीतर काही तासांत ती आंबून ताडी होते.

ताडगोळ्यांसाठी घड मार्च ते जूनमध्ये उतरवतात. वेळ चुकली तर गोळे निबर होतात, आतलं पाणी आटतं आणि चावताना रबर लागतं. एक फळ काढून वरून कापून बघा: अंगठ्याने दाबल्यावर गोळा दबला पाहिजे आणि आत पाणी हललं पाहिजे. घड दोरीने बांधून खाली सोडायचा, टाकायचा नाही. आपटलेल्या फळातले गोळे फुटून आंबतात. काढल्यावर दोन दिवसांत विकले जातील एवढेच उतरवा, आणि प्रत्येक मादीवर एखादा घड तसाच पिकू द्या, पुढच्या ऑगस्टमध्ये पेरायला बी लागेल.